गोष्ट आणि अफवा

पेणहून रोह्याला निघालेली एस.टी. वडखळ, नागोठणे करीत कुंडलिकेच्या काठी येते. या रस्त्याने मी आयुष्यातली बरीच वर्षे जा-ये केली. नोकरी पेणला, कारकुनाची. घर रोह्याला, पुलापलीकडच्या अष्टमीत. पेण म्हटले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात, पोहे-पापड आठवतात. रोहा म्हटले की धावीर महाराजांची दसऱ्याची पालखी आणि तिला मिळणारी पोलिसांची मानवंदना आठवते. नव्या पिढीला धाटावचे कारखाने आठवतात. मला मात्र या मुलखाची आणखी एक ओळख सांगावीशी वाटते. हा गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मुलूख आहे.

पेण तालुक्यातल्या गागोदे या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. त्यांना आपण विनोबा म्हणतो. रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांना त्यांचे लोक दादा म्हणतात. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ साली आले. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतली ही दोन माणसे. दोघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला, विनोबांना १९५८ साली आणि पांडुरंगशास्त्रींना १९९६ साली. दोघेही जन्मभर गीता सांगत राहिले. त्या गीतेविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बी.ए. झालेला, चार कविता लिहिणारा माणूस. पण गीता सांगताना हे दोघे वारंवार ज्या गोष्टींचा आधार घेत, त्या गोष्टींविषयी बोलण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे. कारण गोष्ट ऐकली नाही असा माणूस नाही.

प्रश्न साधा आहे. गोष्ट ऐकून माणूस चांगला होतो का?

आमच्या घरी गोष्टी सांगायची ती नानी, माझ्या आईची आई. तिला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता ती सांगायला लागे. तिची एक गोष्ट आम्हा पोरांना फार आवडायची. एक सिंह आणि एक बैल यांची जिवाभावाची मैत्री. एका कोल्ह्याला ती बघवत नाही. तो सिंहाला जाऊन सांगतो, ‘बैल तुझ्यावर उठणार आहे.’ बैलाला जाऊन सांगतो, ‘सिंह तुला खाणार आहे.’ दोघेही एकमेकांना विचारत नाहीत. समोरासमोर आल्यावर दोघांनाही एकमेकांच्या अंगात तेच दिसते, जे कोल्ह्याने सांगितलेले असते. बैल मरतो. मग सिंहाची आई पुढे येते. ती म्हणते, ‘चौकशी कर.’ दरबार भरतो, साक्षी होतात, कोल्ह्याचे पाप उघडे पडते आणि त्याला देहान्ताची शिक्षा होते. कोल्ह्याचे नाव नानी ‘दमना’ असे घ्यायची.

पाचवीत असताना गुरुजींनी वर्गात पंचतंत्रातली गोष्ट सांगितली. सिंहाचे नाव पिंगलक, बैलाचे संजीवक, कोल्ह्यांची नावे करटक आणि दमनक. मी मोठ्या खुशीने ऐकत होतो, कारण ही तर आमच्या घरची गोष्ट. पण गुरुजींची गोष्ट बैल मेल्यावर लगेच संपली. दमनकाने सिंहाची समजूत काढली आणि तो त्याचा प्रधान होऊन सुखाने राहिला. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, ‘गुरुजी, पुढचे राहिले. कोल्ह्याला शिक्षा झाली.’ वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, ‘माझ्या पुस्तकात तसे नाही. तुझ्या नानीला विचार, तिला ही गोष्ट कुणी सांगितली.’

नानीला विचारले. ती म्हणाली, तिच्या बापाने सांगितली. तिचा बाप गलबतावर खलाशी होता. त्याने ती बसऱ्याच्या बंदरात ऐकली की मुंबईच्या मुसाफिरखान्यात, हे तिलाही ठाऊक नव्हते.

हा गुंता सुटायला मला पुढे दहा-बारा वर्षे लागली. बी.ए.ला असताना ग्रंथालयात एक जुने पुस्तक हाती आले आणि कळले की गुरुजी आणि नानी दोघेही बरोबर होते. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणला गेले. तिथल्या खुस्रो अनुशिरवान बादशहाच्या पदरी असलेल्या बुर्झो नावाच्या हकिमाने ते पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात, साधारण ७५० च्या सुमारास, इब्न अल मुकफ्फा या लेखकाने ते पहलवीतून अरबीत आणले. करटक आणि दमनक यांचे झाले कलीला आणि दिम्ना. पुढे पंधराव्या शतकात त्याची फारसीत ‘अन्वारे सुहैली’ झाली आणि अकबराच्या सांगण्यावरून अबुल फज्लने तिचे पुन्हा सोपे रूप केले. एका देशाची गोष्ट दुसऱ्या देशात गेली, तिथून तिसऱ्या देशात, आणि फिरून कुणा खलाशाच्या तोंडून कुंडलिकेच्या काठी परत आली.

पण महत्त्वाचे पुढेच आहे. अरबी पुस्तकात एक प्रकरण असे आहे, जे मूळ पंचतंत्रात नाही. ते म्हणजे दिम्नाच्या चौकशीचे प्रकरण. ते इब्न अल मुकफ्फाने स्वतः घातले, असे अभ्यासक सहसा मानतात. पंचतंत्राचा हेतू वेगळा होता. विष्णुशर्म्याला तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायची होती. जगात दमनक असतात आणि ते यशस्वीही होतात, हे राजपुत्राला कळलेच पाहिजे. म्हणून ती गोष्ट तिथे थांबते. अरबी लेखकाला तिथे थांबवेना. ज्याने दोन मित्रांमध्ये खोटे पेरले, तो सुखाने प्रधान होऊन राहतो, हे त्याच्या मनाला पटले नसावे. त्याने सिंहाच्या आईला उभे केले, एका बिबट्याला साक्षीला आणले, दरबार भरवला.

गोष्टीचा आणि नीतीचा संबंध मला इथे दिसतो. गोष्ट ही पाठ करून जशीच्या तशी पुढे द्यायची वस्तू नाही. ऐकणारा तिच्यापाशी अडतो, ‘असे कसे?’ म्हणून विचारतो, आणि सांगण्याची पाळी त्याच्यावर आली की आपल्या मनाला विचारून पुढे सांगतो. गोष्ट माणसाला घडवते हे खरे. माणूसही गोष्टीला घडवतो.

आता गागोद्याकडे येऊ. विनोबांनी आपल्या बालपणाच्या ज्या आठवणी सांगितल्या आहेत, त्या सगळ्या छोट्या छोट्या गोष्टीच आहेत. आजोबा शंभुराव देवपूजेला बसलेले असताना एकदा मूर्तीवर विंचू दिसला. मुले ओरडू लागली, कुणी मारायला धावले. आजोबांनी सगळ्यांना थांबवले. विंचू देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला हात लावायचा नाही, असे सांगून त्यांनी शांतपणे पूजा चालू ठेवली. थोड्या वेळाने विंचू आपला आपण निघून गेला.

दुसरी गोष्ट आईची. घरच्या झाडाचा फणस उतरवला की आई आधी शेजाऱ्यांची पाने भरायची आणि ती घरोघर पोचवायला मुलांना पिटाळायची. मग घरच्यांनी खायचे. देव कोण आणि राक्षस कोण, हे तिने मुलाला एवढ्यातच समजावले: जो देतो तो देव, आणि जो स्वतःपाशी ठेवून घेतो तो राक्षस. तिसरी गोष्टही आईचीच. दारात एक धडधाकट भिकारी आला आणि तिने त्याला भिक्षा घातली. मुलगा तर्क लढवू लागला की अशाला देणे म्हणजे आळसाला उत्तेजन देणे. आईने त्याला सांगितले की दारी आलेल्याची पारख करणारे आपण कोण? ही शेवटची गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. मला तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

या माउलीला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती. पण संस्कृत येत नव्हते आणि मराठी टीका कठीण वाटत होत्या. तूच का सोपी करीत नाहीस, असे तिने मुलाला विचारले होते. ती १९१८ साली गेली. मुलाने १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ लिहिली. एका आईच्या ओळखीच्या मराठीत गीता यायला अशी वर्षे लागली.

पुढच्याच वर्षी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे, अठरा रविवार त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने केली. समोर देशासाठी तुरुंगात आलेली माणसे होती, आणि पेन घेऊन भराभर उतरवून घेणारे एक शिक्षक होते, पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. त्यांनी उतरवले म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहेत.

या दोन माणसांची त्या तुरुंगातली गाठ मला मराठी संस्कृतीतली फार मोठी घटना वाटते. एक आईच्या गोष्टी घेऊन आलेला गागोद्याचा मुलगा, दुसरा आईच्या गोष्टी घेऊन आलेला पालगडचा मुलगा. वर्षभराच्या आतच, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ साली आले. त्याच्या प्रकरणांना गुरुजींनी प्रकरणे म्हटले नाही, रात्री म्हटले. अशा बेचाळीस रात्री. कारण ते पुस्तक मुळात वाचण्याचे नाहीच. दिवसाची कामे आटोपल्यावर कुणीतरी सांगावे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकावे, असे ते आहे. पुढे आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले.

आमचे गुरुजी, तेच पंचतंत्राचे, शनिवारी शेवटच्या तासाला आम्हाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवायचे. वर्गातली सगळी पोरे रडायची, मीही रडायचो. श्यामच्या घरातले सोवळे-ओवळे, तुळस, मौंज यांतले काहीच माझ्या घरी नव्हते. पण पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनही तसेच जपायला सांगणारी ती आई मला परकी वाटली नाही. घरी येऊन मी नानीला ती गोष्ट सांगितली. नानीने हातातले काम ठेवून ऐकली आणि विचारले, ‘ती जित्ती हाय काय?’

हीच ती जागा, जिथे गोष्ट उपदेशाच्या पुढे जाते. ‘मन स्वच्छ ठेवा’ असे सांगितले तर नानीने मान हलवली असती आणि भाकरी उलटली असती. गोष्ट ऐकल्यावर तिला त्या बाईची विचारपूस करावीशी वाटली. उपदेश आपल्याला आपल्याच घरात ठेवतो; गोष्ट दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवते. साने गुरुजी आणि विनोबा स्वतः असे दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलेले लोक होते. गुरुजींनी पैगंबरांचे चरित्र सांगणारे ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला आणि त्याचे सार काढले. आमच्या गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ मला नववीत वाचायला दिले. माझ्याच धर्माची गोष्ट मी पहिल्यांदा मराठीत वाचली ती साने गुरुजींच्या हातची. मी मराठीत कविता लिहितो, त्याचे एक कारण हे आहे.

मराठीला ही रीत जुनी आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी एखादे सूत्र सांगत आणि त्याला लगेच दृष्टान्त जोडत. केशिराजबासांनी असे ११४ दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठा’त गोळा केले. आपल्या कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असते आणि उत्तररंगात आख्यान. म्हणजे आधी तत्त्व, मग गोष्ट. छापखाना आला तेव्हाही सुरुवातीलाच गोष्टी छापल्या गेल्या. तंजावरात सर्फोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ साली इसापनीतीचे मराठी पुस्तक निघाले. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ आणला. मुलांना शहाणे करायचे तर गोष्टीशिवाय मार्ग नाही, हे ज्याला त्याला कळत होते.

रोह्याच्या पांडुरंगशास्त्रींनी हीच रीत वेगळ्या कामी लावली. त्यांचे वडील वैजनाथशास्त्री यांनी मुंबईत माधवबागेत १९२६ साली गीता पाठशाळा सुरू केली होती. तिथे हा मुलगा १९४२ पासून बोलू लागला. पुढे त्यांच्या स्वाध्याय परिवाराने किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून सामाईक नौका चालवल्या. माणसे आळीपाळीने, मजुरी न घेता, देवाचे काम म्हणून त्यांच्यावर जात आणि आलेले उत्पन्न गरजूंकडे जाई. त्या नौकांना नाव दिले ‘मत्स्यगंधा’. मत्स्यगंधा म्हणजे सत्यवती, नाव वल्हवणारी कोळ्याची पोर, व्यासांची आई. ज्या समाजाला जन्मभर हलके म्हणून वागवले, त्याला एका नावातून आठवण करून दिली की महाभारत सांगणारा तुमच्याच पोरीचा मुलगा होता. ही गोष्ट दोन हजार वर्षे पुराणात पडून होती. सांगणाऱ्याने ती उचलून योग्य दारात नेऊन ठेवली.

विनोबांनीही भूदानात तेच केले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिली जमीन मिळाली. मग ते गावोगाव पायी फिरले आणि जमीनमालकांना म्हणाले की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. हा कायद्याचा मुद्दा नव्हे. ही गोष्टच आहे. या गोष्टीवर चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दान म्हणून कागदावर आली. पुढे त्यातली बरीच नापीक निघाली, काही वादात अडकली, कितीतरी वाटलीच गेली नाही, हेही सांगायला हवे. गोष्टीने मन उघडते. उघडलेल्या मनाने उद्या काय करायचे, त्याची व्यवस्था गोष्ट करू शकत नाही. ती माणसांनाच करावी लागते.

इथवर मी गोष्टीचे गुणगान केले. आता माझ्या आयुष्यातला एक प्रसंग सांगतो. तो सांगायला मला बरे वाटत नाही.

जानेवारी १९९३. मुंबई पेटलेली. आमच्याकडची शेकडो माणसे मुंबईत कामाला. ती मिळेल त्या गाडीने गावी येत होती आणि प्रत्येक जण काहीतरी सांगत होता. त्यातले बरेच खरे होते, आणि ते भयंकर होते. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालेला, बिनकामाचा, रक्त तापलेला. एके दुपारी चहाच्या टपरीवर मी एक बातमी ऐकली. नदीपलीकडे काय तयारी चालली आहे, याची ती बातमी होती. सांगणारा मला धड ओळखीचाही नव्हता. मी तिथून उठलो आणि पुढच्या तासाभरात तीन जणांना ती सांगितली. तिसऱ्याला सांगताना मी तिच्यात दोन वाक्ये माझी घातली. मी कवी ना! ती घातल्यावर बातमी जास्त खरी वाटू लागली.

घरी येऊन नानीला सांगितली. ती खाटेवर होती. नजर गेलेली, कान शाबूत. तिने विचारले, ‘तू तुज्या डोल्यानी बघलास काय?’ मी म्हटले, नाही. ‘तुला कोन बोलला?’ मी सांगितले, एक जण. ‘त्याला कोन बोलला?’ मी चिडलो. म्हटले, नानी, तुला बाहेरचे काही कळत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘दमना कोन होता, इसरलास?’

कुणी बातमी घेऊन आला तर आधी तिचा शोध घ्या, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असे कुराणातही बजावले आहे. ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण त्या क्षणी मला आयत आठवली नाही. आठवला तो कोल्हा, दोन्हीकडे जाऊन कानाला लागणारा.

त्याच संध्याकाळी दारात आमचे गुरुजी उभे. निवृत्त झालेले, हातात काठी. पूल ओलांडून एकटे आले होते. आत येऊन बसले, चहा घेतला. म्हणाले, ‘आमच्या आळीत लोक सांगतायत की अष्टमीत असे असे चालले आहे. म्हटले, जाऊन बघून यावे.’ मी त्यांना माझी बातमी सांगितली. दोन्ही बातम्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी होत्या. फक्त गावाचे नाव बदललेले. गुरुजींच्या तोंडून ती ऐकताना मला माझी लाज वाटली.

ते गेल्यावर मी त्या तिघांना शोधायला निघालो. दोघे सापडले. त्यांना सांगितले की मी म्हटलेले खरे नाही. मी पाहिलेले नाही, आणि दोन वाक्ये तर माझीच आहेत. एकाने मला शिव्या दिल्या, दुसरा हसला. तिसरा रात्रीच कुठेतरी निघून गेला होता. त्याने ते पुढे किती जणांना सांगितले, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. गावात काही झाले नाही. ते आमच्यामुळे झाले नाही असे मी म्हणणार नाही. दोन्हीकडे शहाणी माणसे होती, पोलीस होते. पण काही झाले असते तर त्यात माझी दोन वाक्ये होती, हे मला तीस वर्षांवर विसरता आलेले नाही.

तेव्हापासून मी गोष्ट आणि अफवा यांतला फरक शोधतो आहे, कारण दोन्ही एकाच मातीच्या आहेत. दोन्ही कानाने येतात, तोंडाने जातात, सांगणारा प्रत्येक जण त्यांत आपले काही घालतो. मग फरक कुठे आहे? मला तो असा दिसतो. गोष्ट पहिल्यापासून सांगते की हे कधीतरी, कुठेतरी, कुणा सिंहाचे आणि बैलाचे आहे. आणि शेवटी आपल्याला विचारते, यात तू कोण? अफवा सांगते की हे आज, इथे, पलीकडच्या आळीत घडते आहे. आणि आपल्याला विचारू देत नाही. गोष्ट ऐकून माणूस स्वतःकडे बघतो. अफवा ऐकून तो दुसऱ्याकडे बघतो. आणि गोष्टीला वेळ असतो, बेचाळीस रात्रींचा, अठरा रविवारांचा. अफवेला मात्र आत्ताच्या आत्ता पुढे जायचे असते.

आता तर तिला तोंडही लागत नाही, अंगठा पुरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाइलवरून फिरत होते. मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसे. पिढ्यान्‌पिढ्या दारात येऊन नाथांची गाणी म्हणणारा, त्यावर पोट भरणारा हा समाज.

ज्या धुळ्यात अठरा रविवार प्रवचने झाली, त्याच जिल्ह्यातला हाही रविवारच होता. आणि मला गागोद्याच्या दारातला तो धडधाकट भिकारी आठवला. दारी आलेल्याची पारख करणारे आपण कोण, असे विचारणारी ती आई आठवली. तिची गोष्ट महाराष्ट्राने ऐकली आहे, पुस्तकांतून छापली आहे. मग राईनपाड्यात ती कुणालाच कशी आठवली नाही? हा प्रश्न मी त्या गावाला विचारत नाही. १९९३ साली टपरीवरून उठलेल्या मला ती आठवली नव्हती, म्हणून तो स्वतःला विचारतो.

तर, गोष्ट ऐकून माणूस चांगला होतो का? माझे उत्तर असे आहे की नुसती ऐकून होत नाही. गोष्ट आत पडून राहते, बी पडून राहावे तशी. ऐन वेळेला ती आठवून देणारे कुणीतरी जवळ असावे लागते. माझ्याकडे खाटेवर नानी होती, आणि पूल ओलांडून येणारे गुरुजी होते. ‘दमना कोण होता’ हे विचारायला नानीला दहा वर्षे आधी चुलीपुढे बसून ती गोष्ट सांगावी लागली होती. मुलांना गोष्टी सांगणे म्हणजे पुढच्या कुठल्या तरी वाईट दुपारची तयारी करून ठेवणे. ती दुपार येईल की नाही, तेव्हा आपण असू की नाही, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते.

नानी गेली, गुरुजीही गेले. आता मी नातीला गोष्टी सांगतो. परवा तिला सिंहाची आणि बैलाची गोष्ट सांगितली. दोन्ही शेवट सांगितले, गुरुजींचा आणि नानीचा. विचारले, ‘तुला कुठला आवडला?’ तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, ‘दोन्ही नाही.’ मी विचारले, ‘का ग?’

ती म्हणाली, ‘दोन्हीत बैल मेलाच ना, आजोबा.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)